प्राणी लहान, प्रदेश मोठा: प्रवासातल्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी

पोहोचलो. पहिला मुक्काम तळ्याकाठी, मग गवताळ माळ आणि त्यामागची डोंगरधार, शेवटी पुन्हा तळं. एकूण चोवीस दिवस. सोबत ताई. ती फोटो काढत नाही, पक्षी मोजते. तिच्याकडे दुर्बीण आणि वही, माझ्याकडे बाकी सगळं ओझं: दोन फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचे) कॅमेरे, २४–७०, ७०–२००, २००–६०० मिमीच्या लेन्स, दुपटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोहोच दुप्पट करणारा), ट्रायपॉड.

ठरवलेलं काम: दोन संच. एक निसर्गदृश्यांचा, एक प्राणी-पक्ष्यांच्या जवळच्या छायाचित्रांचा. अडचण नेहमीचीच. दोघांनाही उजेड हवा तो सकाळचा पहिला तास आणि संध्याकाळचा शेवटचा. दृश्यासाठी ट्रायपॉड, एफ ११ (लेन्सचं भोक लहान, म्हणजे जवळचं-लांबचं दोन्ही स्पष्ट), सावकाश शटर. पक्ष्यासाठी हातात कॅमेरा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडं, शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद. एका तासात दोन्ही करायला गेलं की दोन्ही बिघडतात. तूर्त एक दिवसाआड वाटून घेतलं आहे.

१९ जानेवारी

रोहित पक्षी (फ्लेमिंगो). पहाटे दाट थवा, खांद्याला खांदा लावून, चोची उलट्या पाण्यात. ६०० मिमीवर बसून राहिले. सूर्य पाठीशी होता, पण वारा समोरून येत होता हे ध्यानात घेतलं नव्हतं. पक्षी वाऱ्यावर तोंड करून उडतात. रोहित तर आधी पाण्यावरून धावत जातो आणि मग उचलला जातो. वारा समोरून म्हणजे सगळी धाव माझ्यापासून लांब. पंखांच्या आणि शेपटीच्या ढीगभर फ्रेम मिळाल्या. उद्यापासून जागा निवडताना ऊन आणि वारा, दोन्ही पाठीशी.

नऊनंतर काठच्या चिखलावर ऊन तापलं आणि सगळं थरथरायला लागलं. गरम-गार हवेच्या थरांतून प्रकाश वाकत येतो. त्याला लेन्स काय करणार? फोकस चुकलाय असं वाटून मी अर्धा तास लेन्सच तपासत होते.

एकूण १,१४० फ्रेम. ठेवण्याजोग्या ३१.

२० जानेवारी

संध्याकाळी ताईला निवडलेल्या फ्रेम दाखवल्या. तिने एकेक नीट पाहिली. शेवटी म्हणाली, "छान आहेत गं. पण हे तळं कुठाय?"

राग आला, कारण उत्तर नव्हतं. ६०० मिमी, एफ ६.३, पक्षी वीस मीटरवर असला तर सुस्पष्ट पट्टा जेमतेम ४२ सेंटिमीटरचा. दहा मीटरवर असला तर दहा सेंटिमीटर. त्यापलीकडे सगळं मऊ रंग. आपण त्यालाच सुंदर पार्श्वभूमी म्हणतो. इतक्या लांब येऊन मी तळं पुसून टाकत होते.

२१ जानेवारी

मोठी लेन्स पडली. ट्रायपॉडवर फिरवून उभं-आडवं करताना कॉलरचा (लेन्सला ट्रायपॉडवर धरणाऱ्या कड्याचा) खटका सैल केला होता, तो परत घट्ट करायचा राहिला. हात काढून घेतला आणि कॅमेऱ्यासकट लेन्स दगडावर. कॅमेरा शाबूत. लेन्सचं फोकस रिंग एका जागी अडकतंय, आतून काचेचा आवाज येतोय. चूक पूर्णपणे माझी.

दिवसभर दुसरं काही केलं नाही.

२२ जानेवारी

नवा प्रकल्प, किंवा जुन्याचाच उरलेला भाग. दोन संचांऐवजी एकच: प्राणी आणि त्याचा प्रदेश एकाच चौकटीत, दोन्ही सुस्पष्ट. नियम असा की प्राण्याने चौकटीचा विसावा भागसुद्धा व्यापायचा नाही. नंतर कापून लहान करायचं नाही. लक्ष्य १५ छायाचित्रं.

हे मी लेन्स फुटली म्हणून करतेय की ताईच्या प्रश्नामुळे, ते आज सांगता येणार नाही. लेन्स असती तर केलं नसतं, एवढं मात्र नक्की.

रात्री गणित मांडलं. समोरच्या पक्ष्यापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं सुस्पष्ट हवं असेल तर हायपरफोकल अंतर मोजावं लागतं. त्या अंतरावर फोकस केला की त्याच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत चालतं. फुल फ्रेम, एफ ११ धरून:

७० मिमी: १५ मीटर. म्हणजे साडेसात मीटरपासून पुढे सगळं.
२०० मिमी: १२१ मीटर. म्हणजे साठ मीटरपासून पुढे.
४०० मिमी (टेलिकन्व्हर्टर लावून): ४८५ मीटर. म्हणजे २४२ मीटरपासून पुढे.

फोकल लांबी दुप्पट, अंतर चौपट. हे सूत्र शिकताना पाठ केलं होतं, वापरलं कधीच नाही, कारण वन्यजीव टिपताना डोळा एका दिशेनेच धावतो: अजून जवळ. इथे उलट आहे. २०० मिमीवर साठ मीटरच्या आत पक्षी आला तर फोटो बिघडतो. इतकी वर्षं मी जवळ जायला धडपडत होते, आणि आता लेन्सच मागे हो म्हणतेय.

(हे आकडे ०.०३ मिमीच्या अस्पष्टतेच्या मापावर आहेत, म्हणजे सेन्सरवर तेवढा डाग पडला तरी डोळ्याला तो बिंदूच वाटतो. ते माप मध्यम आकाराच्या प्रिंटसाठी ठीक. मोठ्या प्रिंटसाठी हात राखून अ‍ॅपर्चर एक स्टॉप (म्हणजे उजेड निम्मा होईल इतकं) आणखी बंद करायला हवं, नाहीतर आणखी लांब उभं राहायला हवं.)

२३ जानेवारी

प्रत्यक्षात. काही गोष्टी अपेक्षेपेक्षा सोप्या निघाल्या, काही अवघड.

सोपी म्हणजे शटर. उडत्या पक्ष्याला १/२००० हवं, हे मनात पक्कं बसलेलं. पण ते पक्षी चौकट भरून असतो तेव्हा. तोच पक्षी सेन्सरवर दहापट लहान पडला तर त्याचं सरकणंही दहापट लहान. बगळ्यासारख्या सावकाश पंखांना ७० मिमीवर १/४०० पुरलं. पंखांची टोकं किंचित फिसकटली, तेवढं चालेल. म्हणजे एफ ११ परवडतं. ज्या भांडणामुळे मी दिवस वाटून घेतले होते ते निम्मं मिटलं.

अवघड म्हणजे एक्स्पोजर, फोटोत किती उजेड घ्यायचा ते. पांढरा पक्षी चौकटभर असला की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर त्याला करडा करायला बघतं, म्हणून एक-दीड स्टॉप वाढवायचं, हे हाताला सवयीचं. आता चौकटभर काळं पाणी आणि त्यात टिकलीएवढा पांढरा शेकाट्या. मीटर पाण्याकडे बघून उजळवतं आणि शेकाट्या पांढराफटक जळून जातो. सवयीने वाढवत राहिले आणि पहिल्या ऐंशी फ्रेम वाया घालवल्या. दुपारपासून उलट, एक स्टॉप कमी. हिस्टोग्राममध्येही (उजेडाच्या आलेखात) तो पक्षी दिसत नाही, उजव्या कडेला एक केस उभा असल्यासारखी रेघ येते फक्त. स्क्रीनवर मोठं करून पाहण्याला पर्याय नाही.

आणि फोकस. डोळा ओळखणारी प्रणाली एवढ्या लहान पक्ष्याला पक्षी मानायलाच तयार नाही. लव्हाळ्यांना चिकटते. ती बंद केली. एक बिंदू, नाहीतर हाताने.

२४ जानेवारी

ताईचा नियम: थव्यातल्या तीन माना वर झाल्या की थांबायचं. चरणं थांबवून मान ताठ करणं ही पहिली खूण. मग सगळा थवा एका दिशेने सावकाश चालू लागतो. त्यानंतर उडतो. आपल्याला फक्त उडालेलं दिसतं आणि आपण म्हणतो, "अचानक उडाले." अचानक काही नसतं. दोन सूचना आपण आधीच ओलांडलेल्या असतात. त्या उडण्यात त्यांची चरण्याची वेळ आणि ताकद दोन्ही जातं.

आज मी सत्तर मीटरवर बसले. सरळ त्यांच्याकडे न चालता काठाकाठाने तिरकी गेले, मग बसले आणि वीस मिनिटं कॅमेरा उचलला नाही. दोन माना वर झाल्या, परत खाली गेल्या. १२० मिमी, एफ ११, १/३२०, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४००. थवा खालच्या तिसऱ्या भागात, गुलाबी रेघ जाडीला नखाएवढी, वर धुक्यात अर्धे डोंगर.

पहिलं छायाचित्र मिळालं.

२५ जानेवारी

थंडीतून आत आल्या आल्या कॅमेरा बॅगेतून काढला. काचेवर दव. दरवेळी ताकीद देते स्वतःला: बंद बॅगेतच त्याला खोलीइतकं तापू द्यायचं. दोन तास वाया.

२७ जानेवारी

माळावर आलो. प्रवासातच दिवस गेला. फाइली लावताना कळलं की दोन कॅमेऱ्यांची घड्याळं एका तासाने वेगळी आहेत. पहाट आणि सकाळ एकमेकांत मिसळून बसली होती. दुरुस्त केलं.

अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला, पण तारीख लिहून ठेवली नाही. पुढे कित्येक वर्षं वेगवेगळी सालं सांगितली जात होती. शेवटी चंद्राच्या जागेवरून खगोल अभ्यासकांना हिशोब करावा लागला: १ नोव्हेंबर १९४१. आपल्यासाठी कोणी एवढा हिशोब करत बसणार नाही, तेव्हा घड्याळ नीट लावलेलं बरं.

२९ जानेवारी

लपण. पाणवठ्यापासून नव्वद मीटरवर, झुडपाला लागून, मातकट कापडाचं. पहाटे चारला आत शिरले, साडेदहाला बाहेर आले. गुडघे गेले.

वन्यजीव छायाचित्रणाचा उगमच अशा अवघडलेल्या बसण्यात आहे. इंग्लंडमधल्या रिचर्ड आणि चेरी कीअर्टन या भावांनी १८९२ मध्ये पक्ष्याचं घरटं अंड्यांसकट टिपलं, आणि पुढे पक्ष्यांच्या जवळ जाता यावं म्हणून पेंढा भरलेल्या जनावरांसारखा एक पोकळ बैल बनवून घेतला. माणूस आत उभा, लेन्स बाहेर. माझ्या कापडी लपणाबद्दल तक्रार करायची सोय नाही.

आज खोकड आलं. एकटं, पाण्याकडे तोंड करून, पाठीमागे अख्खा माळ. बिनआवाजाचं शटर वापरलं, त्याने एकदाही मान वळवली नाही. पुढे लाव्यांचा एक थवा भुर्रकन उडाला तो त्याच शटरवर टिपला आणि पंख केळीच्या पानासारखे वाकडे आले. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं. खालच्या ओळीपर्यंत वाचन पोहोचेतो पंख पुढे गेलेला असतो. बसलेल्यासाठी बिनआवाजाचं, उडणाऱ्यासाठी यांत्रिक. चौकटीत दोन्ही असतील तर? नशीब.

खोकडाचं छायाचित्र ठेवलं. प्राणी चौकटीच्या दोनशेव्या भागाएवढा असेल.

३१ जानेवारी

चंद्राची तयारी. पौर्णिमा २ तारखेला. डोंगरधारेवर संध्याकाळी हरणं चढतात, हे काल-परवा पाहिलं.

चंद्राचं बिंब आकाशात अर्ध्या अंशाचं. एखादी वस्तू तिच्या आकाराच्या साधारण ११५ पट अंतरावर असली की ती चंद्राएवढी दिसते. एक मीटर उंचीचं हरीण चंद्राच्या बिंबात बरोबर मावायचं तर मी ११५ मीटरवर हवी. पण ४०० मिमी, एफ ११ चं गणित पुन्हा आडवं येतं. ११५ मीटरवरच्या हरणावर फोकस केला तर चंद्राची कड अस्पष्ट येणार. दोन्ही हवे तर किमान २४२ मीटर. मी नकाशावर ३२० मीटरची जागा काढली. तिथून धारेवर चंद्राचं बिंब २.८ मीटर रुंद पडतं. मान वर केलेलं हरीण त्याच्या निम्म्याहून कमी.

चंद्र दोन मिनिटांत आपल्या रुंदीएवढा सरकतो, आणि तोही तिरपा. त्याला धारेवर एका बिंबाएवढं बाजूला हलवायचं तर मला २.८ मीटर सरकावं लागेल. ट्रायपॉडच्या जागा काठ्या रोवून ठरवून ठेवल्या.

आज सराव. चंद्र उजेड असतानाच फार वर गेला होता. फिकट, पाण्यात विरघळल्यासारखा.

१ फेब्रुवारी

पौर्णिमेच्या आदल्या दिवसाचं महत्त्व हे की चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. आज तो सूर्यास्ताच्या आधीच क्षितिजावर आला, पण धारेमागून वर यायला वेळ लागला. तो दिसला तेव्हा सूर्य नुकता टेकत होता. धारेवर तांबूस ऊन, वर चंद्र, दोघांचा उजेड एका एक्स्पोजरमध्ये बसणारा. अशी मिनिटं आठ-दहाच असतात.

१/२५०, एफ ११, आयएसओ १६००.

अ‍ॅडम्सला त्या संध्याकाळी लाइटमीटर सापडेना, पण चंद्राचं तेज त्याला पाठ होतं, प्रति चौरस फूट २५० कँडल. त्यावरून त्याने एक्स्पोजर काढलं. माझ्याकडे मीटर होतं आणि तरी हात थरथरत होते.

हरणं आली. पाच. एकही चंद्रात गेलं नाही. मी तिसऱ्या काठीपासून चौथीकडे, चौथीकडून पाचवीकडे पळत होते, ताई दुर्बिणीतून सांगत होती, "डावीकडे गं, अजून डावीकडे." मग एक हरणी थांबली, बिंबाच्या डावीकडे दोन बोटांवर, आणि तिने तोंड फिरवून चंद्राच्या उलट दिशेला पाहिलं. तिथेच पाय रोवले. सात फ्रेम.

बिंबाच्या आत हरीण असतं तर ते कात्रण वाटलं असतं. असं आता म्हणतेय, तेव्हा मात्र चरफडत होते.

२ फेब्रुवारी

पौर्णिमा. चंद्र धारेवर आला तोवर अंधार. चंद्र नीट धरला तर धार काळी, धार दिसेपर्यंत उजळवलं तर चंद्राची पांढरी थाळी. हरणं असतीलही, दिसली नाहीत. दोन एक्स्पोजर जोडता आले असते. या संचात तसं करायचं नाही म्हणून केलं नाही.

५ फेब्रुवारी

ढग, वारा, काही नाही. ट्रायपॉडचे पाय धुतले.

६ फेब्रुवारी

गवतात एक बीळ सापडलं, ताज्या पाऊलखुणा, हाडांचे तुकडे. पिल्लं असणार. ताईने वहीत लिहिलं, मी कॅमेरा काढला नाही. लांबूनसुद्धा नाही, कारण आपण गेलो त्या वाटेने आपल्यामागून वासावर दुसरं कोणी जाऊ शकतं. रात्री सगळ्या फाइलींमधली जागेची माहिती काढून टाकली. दुर्मीळ प्राण्याचा फोटो अक्षांश-रेखांशासकट बाहेर गेला की तो शिकाऱ्याला पाठवलेला पत्ता होतो. डोंगर मागे असले की जागा तशीही ओळखता येते, ही या प्रकल्पातली खरी गोम आहे. जवळच्या, धूसर पार्श्वभूमीच्या फोटोत ती नव्हती. त्या बाजूचे आधी काढलेले दोन चांगले फोटो बाद केले, त्यात धारेचा आकार स्पष्ट होता.

९ फेब्रुवारी

पुन्हा तळं. शेवटची संध्याकाळ. सूर्य गेल्यावरचा निळा उजेड. रोहित झोपायच्या तयारीत, एका पायावर. सगळे स्थिर दिसले म्हणून १/४ पर्यंत उतरले, ट्रायपॉडवर, दोन सेकंदांच्या टायमरने. ५० मिमी. पाणी गुळगुळीत, डोंगर निळे, पक्षी जागच्या जागी, आणि मध्येच दोघांनी माना हलवल्या त्या गुलाबी धुरासारख्या उमटल्या. एरवी ही फ्रेम पुसली असती.

ताईची मोजणी: ४१२. मी विचारलं, बरोबर कशावरून? म्हणाली, "तीनदा मोजले."

२० फेब्रुवारी

घरी. निवड सुरू. ६,३०० फ्रेम, पहिल्या दोन दिवसांच्या धरून. त्यातून ५८.

एक विचित्र घोळ. एफ ११ वर सेन्सरवरची धूळ आभाळात ठिपक्यांसारखी दिसते. माझ्या फ्रेममध्ये लांबचे पक्षीही ठिपकेच. सफाई करताना एका फ्रेममधले नऊ ठिपके पुसले, मग ताईच्या वहीत पाहिलं: त्या वेळी सहा घारी घिरट्या घालत होत्या. म्हणजे मी तीन ठिपके धूळ आणि सहा घारी पुसल्या होत्या. आता पद्धत अशी: लागोपाठच्या दोन फ्रेम शेजारी ठेवायच्या. जो ठिपका जागचा हलत नाही ती धूळ.

२३ फेब्रुवारी

फोनवर दोघा-तिघांना दाखवलं. "छान डोंगर." "छान तळं." खोकड कोणालाच दिसलं नाही. तळहाताएवढ्या पडद्यावर दोनशेवा भाग म्हणजे काहीच नाही. हा संच पडद्यासाठी नाही, हे उशिरा कळलं. साठ सेंटिमीटर रुंद चाचणी प्रिंट काढून घेतल्या.

२६ फेब्रुवारी

प्रिंट जमिनीवर मांडल्या. त्या आकारात खोकड अंगठ्याएवढं आहे आणि बघणारा आपोआप दोन पावलं पुढे येतो. रोहितांची रेघ मागच्या धुक्याला पेलते. हरणीच्या फ्रेममध्ये चंद्राची कड जरा मऊ आहे. ०.०३ चं माप या आकाराला पुरलं नाही, कंसात लिहून ठेवलं होतं तेच नडलं. तरी ठेवतेय.

१५ ठरवली होती, १३ झाली. उरलेल्या दोन जागांवर पहिल्या आठवड्यातली जवळची छायाचित्रं घालावीत का, असं क्षणभर वाटलं. ताईला विचारलं नाही.

पुढच्या वेळेसाठी: त्याच धारेसमोर ४५० मीटरवर दुसरी जागा शोधणे, एफ १६ वर चाचणी. पौर्णिमेच्या आदल्या दिवसांची यादी काढणे. निघण्याआधी सेन्सर साफ करणे. दोन्ही घड्याळं जुळवणे.

मोठी लेन्स दुरुस्त होऊन आली. कॉलरच्या खटक्यावर लाल चिकटपट्टी लावली.